फोटोची कापलेली कडा

“इथं मी नुसतं मागं सरकवलं होतं गं. तिथं तर काढूनच ठेवायला लावतील.”

सीटी स्कॅन सेंटरच्या बाहेर बाकावर बसलेली म्हातारी सुनेच्या कानाला लागून बोलत होती. मी त्यांच्या मागून चहाचा कप घेऊन चालले होते.

“आत्या, हळू बोला. कुणी ऐकंल,” सून म्हणाली.

“ऐकू दे की. मी काय चोरी केली का? ऑपरेशनला अंगावर धागाबी ठेवत न्हाईत म्हणे. ते काढलं म्हंजे मी गेलेच की. मग पोट फाडून काय बघायचंय त्यांना?”

ऐकणारी मी एकटीच होते. मी कुणाशी फारसं बोलत नसे, त्यामुळे लोक माझ्यासमोर भिंतीसमोर बोलावं तसं बोलत. एरवी मला ते सोयीचं वाटायचं. त्या सकाळी मात्र माझे पाय तिथेच थांबले. म्हातारी कशाबद्दल बोलते आहे हे मला एका क्षणात कळलं होतं, आणि त्यातून पुढे काय निघतं हे कळायला आणखी एखादा क्षण लागला. चहा तसाच खिडकीत ठेवून मी आत पळाले.

आत का पळाले, हे सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होते. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, तिला ॲड्रीनल म्हणतात. तिच्यात कधीकधी गाठ होते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, माणूस त्या घेऊन आयुष्यभर जगतो आणि त्याला पत्ताही नसतो. काही थोड्या वाईट असतात. सीटीच्या फोटोवरून या दोन्ही ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, हा माझा प्रोजेक्ट.

वडिलांचं अहमदपूरला कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, कापडाकडे न बघता, ते दोन बोटांत कापड धरून सांगतात की यात सूत किती आणि मिसळ किती. मी घरी माझं काम समजावून सांगताना म्हटलं होतं, की मी कॉम्प्युटरला हेच शिकवते आहे. साध्या गाठीत चरबी असते, ती फोटोत गडद आणि एकसारखी दिसते, तलम कापडासारखी. वाईट गाठीचा पोत खडबडीत असतो, कुठे पांढरं, कुठे काळं. माझा प्रोग्राम करड्या रंगाचे कण मोजून तो पोत आकड्यात सांगतो आणि गाठीवर रंग भरतो. निळा म्हणजे साधी. लाल म्हणजे सांभाळा. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण कापडाचा कोपरा तेवढाच बघायचा, का पूर्ण ठाण उलगडायचं?” मी म्हटलं, कोपराच. पूर्ण फोटो घेतला तर कॉम्प्युटर फार वेळ लावतो. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले.

फोटो मिळत होते ते लातूरच्या एका सेंटरमधून. तिथले डॉक्टर माझ्या गाईड सरांचे मित्र, पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे. दर आठवड्याला मी नांदेडहून एसटीनं लातूरला जायची. नांदेडला विष्णुपुरीच्या धरणात तळाला थोडं पाणी शिल्लक होतं, म्हणून हॉस्टेलवरून एक कॅन भरून सोबत घ्यायची. पहिल्यांदा तो कॅन मी स्वतःसाठीच नेला होता. पण सेंटरमधल्या रिसेप्शनच्या ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की मी तो न बोलता त्यांच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून माझं नाव ‘पाणीवाल्या मॅडम’ पडलं. माझ्या कामाबद्दल तिथे कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. कॅन मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

पेशंटना स्कॅनच्या आधी आणि नंतर पाणी प्यावं लागतं. त्या उन्हाळ्यात सेंटरच्या दारावर ‘पाणी सोबत आणावे’ असा कागद चिकटवलेला होता. त्यामुळे बाहेरच्या बाकांवर माणसं रिपोर्टच्या फाइलीइतक्याच जपून बाटल्या धरून बसत आणि जिल्ह्याच्या गप्पा मारत. नवीन जिल्हा होणार, अशी हवा होती. उदगीरचे म्हणत उदगीर, आमच्याकडचे म्हणत अहमदपूर.

ही म्हातारी आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातली. पहिल्यांदा आली तेव्हा तिचा मुलगा शेजारच्या उदगीरकराला ठासून सांगत होता, “जिल्हा आमचाच होणार. मग असलं मशीन आमच्या दारात. लातूरला यायचं कामच न्हाई.”

“तुमच्या दारात आधी टँकर येऊ द्या मालक,” उदगीरकर म्हणाला.

“दोघांच्याबी दारात येऊ द्या,” म्हातारी मधेच बोलली. “जिल्हा मी कडंवर घेऊन हिंडते तवर.”

बाकावरची सगळी हसली. तिचा मुलगाही हसला. मीही हसले, पण तोंड फिरवून.

तिच्या कुशीत कळ येत होती. अहमदपूरला सोनोग्राफीत किडनीत खडा निघाला, आणि तिथल्या डॉक्टरांना उजव्या किडनीच्या वर आणखी काहीतरी दिसलं. म्हणून लातूर. आमच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, “मावशी, पाणी कमी पिता का?”

“घागर एक अन् माणसं पाच. सून लेकराला पाजती. मी घोटभर घेते, मला काय लागतंय?”

“म्हणूनच खडा झाला.”

“खडा झाला तर होऊ दे, लेकराला दूध तर झालं.”

रिसेप्शनच्या ताईंनी माझ्या कॅनमधला पेला भरून तिच्यापुढे केला. ते पाणी ती किती हळू प्याली ते मला अजून आठवतं. पेल्यातलं शेवटचं थेंबभर पाणी तिनं डोळ्यांना लावलं.

स्कॅनच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढायचं असतं. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, सगळं तिनं सुनेच्या ओंजळीत दिलं. आतल्या ताईंनी विचारलं, “अजून काही राहिलं का?” ती म्हणाली, “न्हाई.” मग दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन तिला टेबलावर उताणं झोपवलं. मी काचेच्या अलीकडून बघत होते.

डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, “साधीच दिसते. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.” रक्ताच्या तपासण्याही ठीक होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चल, तुझ्या साहेबांना विचार.” माझ्या प्रोग्रामला ते साहेब म्हणायचे.

मी नेहमीप्रमाणे गाठीभोवतीचा चौकोन कापून घेतला, बाकीची कडा टाकून दिली आणि प्रोग्राम लावला. गाठ लाल झाली. मधे मधे नाही, जवळजवळ सगळीच.

डॉक्टर खूप वेळ त्या लाल डागाकडे बघत राहिले. ते काय म्हणतील याची मला भीती होती. शेवटी चष्मा काढून पुसत ते म्हणाले, “तीस वर्षं मी डोळ्यांनी बघतोय. पण डोळे माझे आहेत, म्हणजे म्हातारेच झाले असणार. याला दिसतंय ते मला दिसत नसेल. माझ्यामुळे या बाईची वाईट गाठ राहून गेली तर?”

त्यांनी रिपोर्टमध्ये संशयाचा शब्द घातला आणि हैदराबादच्या एका सर्जनशी फोनवर बोलून घेतलं. इकडे नांदेडला माझे सर खूष झाले. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं ते आपल्या प्रोग्रामनं पकडलं, हीच केस सेमिनारला दाखवू म्हणाले. मी हो म्हटलं. मला ते लाल चित्र आवडत नव्हतं. पण न आवडण्याचं कारण माझ्यापाशी नव्हतं, आणि कारण नसताना बोलायची मला सवय नाही.

पुढच्या आठवड्यात म्हातारीचं कुटुंब सर्जनला द्यायची चिठ्ठी न्यायला आलं. त्याच रात्रीच्या गाडीनं ते हैदराबादला निघणार होते. बाकाखाली कपड्यांची पिशवी आणि चादरीत बांधलेलं अंथरूण होतं. बाकाच्या मागून जाताना माझ्या कानावर पडलं ते हेच, की तिनं ते नुसतं मागं सरकवलं होतं.

‘ते’ म्हणजे काय, हे सेंटरमध्ये दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. ते चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्यानं गळ्यात बांधतात. अंगापासून ते वेगळं करायचं नसतं. म्हातारी माणसं तर ते म्हणजे आपला जीव आहे असंच मानतात. मीही घालते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि गणवेशावर काही दागिना चालत नसे. एका मुलीनं माझ्या फ्रॉकवरून डबीला बोट लावून ‘व्हॉट्स दॅट?’ असं मोठ्यानं विचारलं होतं, आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता. त्या दिवसानंतर आईनं मला कापडाची थैली शिवून दिली. डबी घरी राहिली आणि लिंग थैलीत आलं. पीटीच्या तासाला मी ती थैली दोऱ्यावरून ओढून पाठीवर नेत असे. म्हणजे पुढून काही दिसत नसे. हॉस्टेलवरही माझ्या खोलीतल्या मैत्रिणींना ते ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते माझं मलाच माहीत नाही.

म्हणून तिचं ‘मागं सरकवलं’ मला कळलं. दोन्ही हात वर करून उताणं झोपलेल्या म्हातारीच्या पाठीखाली, उजव्या अंगाला, चांदीची डबी.

मी तिचा पूर्ण फोटो उघडला. कापलेला चौकोन नाही, पूर्ण. पाठीच्या कडेला, टेबलाला लागून, पांढरीशुभ्र अर्धगोल आकृती होती. तिचा आकार मी झोपेतही ओळखला असता. आमच्या देव्हाऱ्यात तशी डबी आहे. त्या आकृतीतून बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा पंख्यासारख्या फाकल्या होत्या. धातूजवळ सीटीच्या फोटोत अशा रेघा उठतात. त्यातल्या काही नेमक्या गाठीतून गेल्या होत्या. माझ्या प्रोग्रामनं गाठीचा पोत मोजलाच नव्हता. त्यानं त्या रेघा मोजल्या होत्या.

मी तो फोटो छापून घेतला आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत कुटुंब सामानासकट बसलं होतं. डॉक्टर हैदराबादला कुठं उतरायचं ते समजावून सांगत होते. मला असं मधे जाणं जमत नाही. उभ्या उभ्या कागदाला माझ्या घामाचे डाग पडले.

“काय गं?” डॉक्टरांनीच विचारलं.

मी कागद पुढे केला आणि कडेवर बोट ठेवलं.

“हां, पाठीखालची पिन. चादरीची असेल. मी पाहिली होती तेव्हाच.” मग ते थांबले. बोटानं एक रेघ धरून गाठीपर्यंत आले. “रेघाही पाहिल्या होत्या. आम्ही त्या डोळ्यांनी वजा करतो, सवयच असते.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “तुझा साहेब वजा करत नाही?”

मी नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि लगेच ते पुन्हा कोड्यात पडले. “मावशी, त्या दिवशी पाठीखाली काय राहिलं होतं?”

म्हातारीचा हात छातीशी गेला. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला.

“अव्वा, काढलं नव्हतंस तू?”

“न्हाई. अन् काढणारबी न्हाई.”

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. बहुतेक ही गाठ साधीच आहे. फोटो एकदा पुन्हा काढू, या वेळी सुई नाही, औषध नाही, साधाच फोटो, पण अंगावर धातू नको. तो स्वच्छ आला तर हैदराबादला जायचं कारणच नाही. म्हातारी ऐकत होती. हैदराबादचं नाव निघालं तेव्हा तिनं पायाशी ठेवलेल्या अंथरुणाकडे बघितलं. पण हात छातीवरून हलवला नाही.

“अव्वा, पाच मिन्टं,” मुलगा काकुळतीला आला. “हिच्या ओंजळीत ठेव, ही धरून बसंल. पाच मिन्टांनी काय होतंय?”

“मग तुझा श्वास दे की पाच मिन्टं बायकोच्या ओंजळीत. ती धरून बसंल.”

सुनेनं पदराआड हसू दाबलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टर हतबल होऊन एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघत होते. ते आमच्यातले नव्हते. यातून वाट काय, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. “अशानं कसं व्हायचं?” ते म्हणाले. “ह्या रेघा घेऊन मी साधी आहे असं लिहून कसं देऊ? मग जा हैदराबादलाच. पण तिथंही हाच प्रश्न येणार.” त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली. मुलगा पिशवी उचलायला वाकला.

पुढचं आधीच सांगून टाकते. फोटो पुन्हा काढला गेला, त्याच दिवशी, दुपारच्या आत. पाठीखाली काही नव्हतं. गाठ गडद, एकसारखी, वडिलांच्या दुकानातल्या मलमलीसारखी. प्रोग्राम लावला तेव्हा निळी. डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघितलं, मग रिपोर्ट नव्यानं लिहिला आणि हैदराबादची चिठ्ठी फाडली. सहा महिन्यांनी ती आली तेव्हाही गाठ तेवढीच होती. पाऊस झाला होता, पाणी भरपूर पीत होती आणि खडा केव्हाच पडून गेला होता. सेंटरमधल्या ताई आता आमच्या बाजूच्या पेशंटना आपण होऊनच लिंगाचं विचारतात आणि काय करायचं तेही सांगतात. माझ्या प्रोग्राममध्ये कडा कापण्याआधी पूर्ण फोटो तपासायची एक पायरी वाढली. सेमिनारला मी तीच दाखवली. सर थोडे हिरमुसले. वडिलांना सांगितलं तेव्हा ते कापडाची घडी घालत होते. “ठाण उलगडलंस म्हणायचं,” एवढंच बोलले.

पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत, मुलगा पिशवी उचलत असताना, मी अजून दारातच उभी होते. जे सुचलं होतं ते अगदी सोपं होतं. पूजेच्या वेळी आम्ही लिंग डाव्या तळहातावर घेतो. आणि स्कॅनच्या वेळी दोन्ही हात तर डोक्याच्या वरच असतात, फोटोच्या बाहेर. फक्त ते सांगायचं होतं. आणि ते सांगायचं म्हणजे मी कोण, हे त्या खोलीत उघड व्हायचं. डॉक्टरांसमोर, आणि दारामागून डोकावणाऱ्या रिसेप्शनच्या ताईंसमोर. मी तिथे नेहमी शुद्ध आणि थोडकं बोलायची. त्या क्षणी तोंडात आली ती घरातली भाषा.

मी कुर्त्याच्या गळ्यातून दोरा ओढला, थैली बाहेर काढली आणि डाव्या तळहातावर ठेवून म्हातारीसमोर धरली. तिनं आधी थैलीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

“शरणार्थ, अव्वा,” आमच्यातला नमस्कार करत मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. “काढायचं न्हाईच. चांदीची डबी तेवढी सुनेजवळ द्या अन् लिंग असं कापडात बांधून डाव्या हातात घ्या. मग हात डोक्याच्या वर धरा. तुमच्यापासून ते लांब होत न्हाई, अन् मशीनला तिथलं काही दिसत न्हाई.”